उंबऱ्यातले चाळीस दिवस

पवनेवर जलपर्णी पसरली की आमचा उपवासकाळ सुरू होतो. तसा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक नदीचं दुखणं, दुसरा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा काळ, प्रार्थनेचा आणि पश्चात्तापाचा. पण रहाटणीत तीस वर्षं काढल्यावर माझ्या मनात दोन्ही जोडीनंच येतात. फेब्रुवारी सरत आलेला असतो. काळेवाडीच्या पुलावरून जाताना खाली पाणी दिसेनासं होतं, नुसतं हिरवंगार कुरण दिसतं, आणि नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, काय सुंदर! मग कुजका वास येतो. संध्याकाळी डासांच्या भीतीनं दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. उन्हाला अजून धार आलेली नसते, पण बाराच्या सुमाराला सिमेंटच्या रस्त्यावरून चालताना चपलेतून तळव्यांना उन्हाळा आधीच कळलेला असतो.

तो वास आला की गेली तीन वर्षं मी मान खाली घालते.

"ताई, तुमचं नाव पहिलं लिहू ना?" आमच्या चर्चच्या महिला संघाच्या सेक्रेटरीनं परवा फोनवर विचारलं. उपवासकाळात आजाऱ्यांकडे, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे कुणी कधी जायचं, याची यादी दरवर्षी होते. "थांब गं, कळवते," म्हणाले आणि फोन ठेवला. कान तापले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचे कान तापावेत असं त्या प्रश्नात काही नव्हतं. पण त्या यादीत माझं नाव पहिलं असतं ते ज्या गोष्टीमुळे, ती गोष्ट मंडळीला अर्धीच माहीत आहे.

गोष्ट सुरू झाली ती तीन वर्षांपूर्वी, उपवासकाळाच्या तोंडावर, एका हशानं. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, जालन्याकडचे. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते, तिथं गाणी झाली की ते शास्त्रातला एखादा भाग घेऊन शिकवतात. त्या दिवशी विषय होता तारणाचा. माणूस देवाच्या दारी निर्दोष ठरतो तो कशानं, विश्वासानं की सत्कृत्यांनी? हा वाद आमच्याहून कितीतरी जुना आहे. एका प्रेषितानं जोर दिला विश्वासावर, दुसऱ्यानं विचारलं की तो विश्वास हातापायांत उतरलेला कुठं दिसतो. त्यावरून मोठमोठी चर्चं फुटली. आमच्या पाळकसाहेबांनी ते सगळं कारखान्याच्या भाषेत आणलं. समोर बसलेले बहुतेक पुरुष चाकण नाहीतर भोसरीत कामाला होते.

"तारण म्हणजे बक्षीस, पगार नव्हे," ते म्हणाले. "देव आपलं हजेरीकार्ड तपासत नाही. त्यानं देऊ केलंय. आपण फक्त रिकामा हात पुढं करायचा."

"आणि ओव्हरटाइम?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याच्याकडे ओव्हरटाइम नाही."

"मग चांगली कामं करायचीच कशाला?" मी विचारलं.

"ती होतात, ताई. ज्याला फुकट मिळालंय त्याच्या हातून ती आपोआप होतात. पण ती दाखवून देवाकडे काही मागता येत नाही."

मला ते पटलं नाही. मी म्हणाले, "पाळकसाहेब, नुसत्या विश्वासानं अजून कुणाच्या घरी पोळ्या लाटून झालेल्या नाहीत!"

खोलीभर हशा पिकला. पाळकसाहेबही हसले. बायकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. ते वाक्य मी पुढच्या आठवड्यात चार घरी तरी सांगितलं असेन.

माझी ती बाजू शास्त्रातून आलेली नव्हती. ती आली होती नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेतून. चौथीत असताना मागच्या बाकावरच्या मुली मला म्हणायच्या, "तुम्ही दूधपावडरीचे ख्रिस्ती. डबा मिळाला म्हणून देव बदलला." आमच्या घरात पावडरीचा डबा कधी आला होता की नाही, मला माहीत नाही. आईला विचारायचं धाडस झालं नाही. तेव्हा मनात एकच गोष्ट पक्की बसली, की आपला हात कधी खाली नसावा. घेणाऱ्याचा नसावा. पुढं लग्न झालं, नवरा चाकणच्या एका कारखान्यात लागला, रहाटणीत दोन खोल्या झाल्या, आणि मी देत सुटले. बाळंतिणीला लाडू, मयताच्या घरी पिठलं-भाकरी, परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या पोरांना पोहे. कुणी माझ्या घरी वाटी घेऊन आलं तर ती वाटी मी रिकामी परत पाठवत नसे. याला मी सेवा म्हणायची. लोकही म्हणायचे.

त्याच सुमाराला विमल आजारी पडली.

विमल आमच्याच मंडळीतली, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये रबराच्या भागांच्या कडा कापायचं काम करायची. उपासनेला यायची ती मागच्या बाकावर बसायची आणि आधी निघून जायची. नवरा दानियल चाकणला वेल्डर, पहाटे कंपनीची बस पकडणारा, अबोल. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. विमलला कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, आणि दुपारी तिच्याजवळ कुणी नसतं असं समजलं. महिला संघानं ठरवलं की चाळीस दिवस तिला जेवणाचा डबा द्यायचा. यादी झाली. सोमवार अमुक, मंगळवार तमुक. मी ती यादी हातात घेतली आणि म्हणाले, "एवढ्या बायकांनी कशाला धावपळ करायची? मीच करते." कुणीतरी म्हणालं, "ताई, रोज?" मी म्हणाले, "रोज."

माझा स्वतःचाही उपवास होता, दुपारी तीनपर्यंत फक्त पाणी. उपाशीपोटी उसळीला फोडणी द्यायची, पोळ्या लाटायच्या, तीन खणांचा डबा भरायचा, आणि बस बदलत भोसरीला जायचं. पिशवीतून वाफेचा, काळ्या मसाल्याचा वास यायचा. बसमध्ये शेजारची बाई म्हणायची, "काय घमघमाट सुटलाय हो!" मी हसायची. पोटात खड्डा पडलेला, कपाळावर घाम, मांडीवर दुसऱ्याचं जेवण. खरं सांगते, इतकं हलकं, इतकं पवित्र मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भोसरीतली ती इमारत जुन्या गावातल्या एका कुटुंबाची. खाली मालक, वर ओळीनं सहा खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. समोरच्या वर्कशॉपमधली पत्रा दाबायची प्रेस दिवसभर धप् धप् वाजत असायची, आणि प्रत्येक धपक्याला जिन्याचा कठडा हातात किंचित थरथरायचा. विमलची खोली शेवटची. वर पत्रा. आत शिरलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं. ती पलंगावर बसलेली असायची, डोक्याला निळा रुमाल गुंडाळलेला. मला पाहिलं की तिचा चेहरा असा काही उजळायचा, की मला वाटायचं, किती भूक लागली असेल बिचारीला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, तोंड आलंय जरा."

"दह्याबरोबर खा," मी म्हणाले आणि डबा ठेवला.

रोज ती म्हणायची, "बसा की जरा." आणि रोज मी म्हणायची, "अगं, अजून एका म्हाताऱ्यांकडे जायचंय." ते खरंही होतं. माझ्याकडे नेहमीच अजून एक घर असायचं. मी उंबऱ्यातच उभी राहायची. आत पाऊल टाकलं की चपला काढा, पाणी प्या, आलं सगळं. उंबऱ्यातून डबा आत द्यायचा, कालचा रिकामा, घासलेला डबा घ्यायचा, "काय म्हणतेय तब्येत? प्रभू बरं करील. झाकण घट्ट लावून ठेव," एवढं म्हणायचं आणि निघायचं. रिकाम्या डब्याकडे बघून मला समाधान वाटायचं. एक शीत उरलेलं नसायचं.

मग मी डब्याचे फोटो महिला संघाच्या ग्रुपवर टाकायला लागले. 'दहावा दिवस. प्रभूची स्तुती असो.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. विसाव्या दिवशी वाटलं, विमलचा पण फोटो टाकावा, म्हणजे बायकांना प्रार्थनेला ओढ लागेल. तसंच वाटलं होतं मला, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. उंबऱ्यातूनच मोबाइल वर केला. विमल दचकली. तिचा रुमाल मागं घसरला होता.

"ताई, थांबा. डोक्यावर नीट घेते."

"राहू दे गं, छान दिसतेस," मी म्हणाले. आणि काढला.

तो फोटो ग्रुपवर गेला. पलंगावर एक वाळलेली बाई, अर्धं डोकं उघडं, हात रुमालाकडे निघालेला, पुढ्यात माझा चकचकीत डबा. जोडलेले हात त्या दिवशी सगळ्यांत जास्त आले. कुणीतरी लिहिलं, 'प्रमिलाताई, तुम्ही आमच्या मंडळीचं भूषण आहात.' ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं फोटो पाहिला आणि चष्मा पुसत बसला. मला राग आला. या माणसाला कशाचं कौतुकच नाही, असं वाटलं.

दुःखसहनाचा आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा शेवटचा आठवडा, सुरू व्हायच्या आधीचा शनिवार होता. बस लवकर मिळाली आणि मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचले. जिन्याच्या पायथ्याशी घरमालकीण सावलीत बसली होती. सगळे तिला आक्का म्हणत. सत्तरीची, नऊवारीतली, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. तिच्यापुढं ताट होतं. ताटात माझी आदल्या दिवशीची मटकी होती. स्वतःच्या हातची भाजी बाईला लांबूनही ओळखू येते.

"या बाई," आक्का मोकळेपणानं म्हणाली. "मटकी झ्याक करता तुमी. वांगं तेवढं परवाचं लई तिखट झालतं."

"ही... विमलनं दिली?"

"रोजच देती. तिला कुठं जातंय तिखट? तोंडाची पार साल निघाली तिच्या. मी आपली भाताची पेज करती, गार करून, ताक घालून. तेवढी दोन वाट्या पोटात जाती." मग माझा चेहरा पाहून ती थांबली. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी जिना चढले. तेव्हा मला लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. लाज नंतर आली. आधी आला तो संताप.

"तू खात नव्हतीस तर सांगायचं ना!" मी उंबऱ्यातूनच म्हणाले. आवाज चढला होता. "उपाशी राहून, उन्हातान्हातून मी रोज येतेय, आणि तू ते खाली वाटतेस?"

विमल उठून उभी राहिली. आजारी माणूस उभा राहिला, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

"टाकलं नाही ताई कधी," ती म्हणाली. "अन्न टाकलं नाही."

"पण मग सांगितलं का नाहीस?"

तिनं पलंगाचा कठडा धरला. खालून प्रेसचे धपके येत होते.

"डबा नको म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही कशाला आला असता?"

यावर मी काय करायला हवं होतं, ते लहान मुलालाही कळेल. चपला काढायच्या, आत जायचं आणि तिच्याजवळ बसायचं. मी त्या दिवशीचा भरलेला डबा घेऊन परत फिरले. जिना उतरताना आक्का काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही. बसमध्ये डबा मांडीवर होता आणि शेजारच्या बाईला कसला वास येतोय, याची मला पर्वा नव्हती.

सोमवारी गेले नाही. मंगळवारी गेले नाही. ग्रुपवर कळवलं, ताप आहे. बायकांनी लिहिलं, 'ताई, किती झिजवता स्वतःला!' मी ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. त्या आठवड्यात माझ्या जागी दुसरं कुणीही गेलं नाही, कारण यादीत दुसरं नावच नव्हतं. ती सोय मीच करून ठेवली होती. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना झाली. चर्चमध्ये पंखे गरम वारा फेकत होते. मी पुढच्या बाकावर गुडघे टेकून होते, आणि मनात एकच विचार फिरत होता, विमलनं कुणाला सांगितलं तर?

विमलनं कुणालाही सांगितलं नाही.

ईस्टरला आम्ही दहा-बारा जणी मिळून तिच्याकडे गेलो. केक नेला, गाणी म्हटली, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत एक बरं असतं, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. निघताना तिनं माझा हात धरला. "ताप उतरला ना, ताई?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिच्या हातावर सुईच्या जागी काळेनिळे डाग होते.

त्यानंतर मी गेले नाही. उन्हाळी शाळा होती, एक लग्न होतं, घराला रंग द्यायचा होता. उपवासकाळ संपला होता आणि त्याबरोबर माझे चाळीस दिवसही. जूनमध्ये विमल गेली.

स्मरणसभा आमच्या चर्चमध्ये झाली. बरेच लोक आले. दानियल पहिल्या बाकावर नव्या पांढऱ्या शर्टात ताठ बसला होता. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. विमलच्या शांत स्वभावाबद्दल बोलले, मग माझ्याकडे वळले. "तारण कर्मांनी नाही हे मी शिकवत आलोय. पण विश्वासाला फळ कसं येतं ते बघायचं असेल, तर प्रमिलाताईंकडे बघा. चाळीस दिवस त्यांनी आपल्या या बहिणीला स्वतः उपाशी राहून जेवू घातलं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उठून बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घातली. माझ्याकडे पाहणाऱ्यांना तो नम्रपणा वाटला.

सभा संपल्यावर मागं वळले तर शेवटच्या बाकावर आक्का बसलेली. चर्चमध्ये ती पहिल्यांदाच आली असावी. चपला बाहेर काढून आत आली होती, सगळ्या बूट-चपलांच्या लोकांत ती एकटी अनवाणी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पेज करणारी बाई, आणि सबंध सभेत पेजेचं नाव निघालं नव्हतं. बाहेर फाटकापाशी मी तिला गाठलं.

"आक्का, तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी काय बोलू? परक्या देवळात." तिनं पदर सारखा केला. "ती म्हनली व्हती मला. तुमी रागानं गेला ना, त्या दिवशीच. म्हनली, ताईंना काय बोलू नका आक्का, त्या येत्यात तेवढं बास हाय. मी म्हनलं, बरं."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती गेली. मी ज्या दिवशी विमलला उभं करून झापलं, त्याच दिवशी तिनं मला माफ करून टाकलं होतं. मी माफी मागितली नव्हती. मागायची बुद्धीही झाली नव्हती. मला ते अजिबात नको होतं, आणि ते मला मिळालेलं होतं.

कृपा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. गाण्यात, प्रार्थनेत, लग्नपत्रिकेवर. तो गोड शब्द आहे असं मला वाटायचं. फुकट मिळालेलं घेताना माणसाची किती शोभा होते, ते मला चर्चच्या फाटकात कळलं. शाळेतल्या त्या मुलींनी मला जे म्हटलं होतं त्यापासून मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पळत होते. प्रत्येक लाडू, प्रत्येक पिठलं म्हणजे एकेक उत्तर होतं, बघा, मी घेणारी नाही. पोळ्या खोट्या नव्हत्या. कुणाची तरी भूक त्यांनी भागलीच असेल. आक्काची तर भागलीच. पण विमलला काय हवंय हे मी त्या सगळ्या दिवसांत एकदाही विचारलं नाही, कारण तिच्या हवं-नकोशी माझा संबंध नव्हता. मला पाहिजे होता तो रिकामा डबा.

आणि गंमत अशी, की पाळकसाहेबांशी घातलेल्या वादात मी पूर्ण चुकले होते असंही मला आज वाटत नाही. आक्काला आमच्या विश्वासाची अक्षरंही ठाऊक नव्हती. तिनं पेज केली, गार केली, भरवली. विमलकडे मात्र आता द्यायला हातात काही उरलं नव्हतं. काम गेलेलं, ताकद गेलेली. तिनं फक्त वाट पाहिली आणि आलेल्या माणसाला आलेलं मानलं. या दोघींमध्ये कुठं विश्वास संपतो आणि कुठं कर्म सुरू होतं, ते मला दाखवता येणार नाही. माझ्यात मात्र दोन्ही नव्हतं, एवढं दाखवता येतं.

मागच्या वर्षी धीर करून पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "देवानं क्षमा केली आहे, ताई. तुम्ही हे रविवारी साक्ष म्हणून सांगाल का? मंडळीची उन्नती होईल." मी घाईनं नाही म्हणाले. मी ते फार छान सांगितलं असतं. बायकांनी डोळे पुसले असते आणि ग्रुपवर पुन्हा जोडलेले हात आले असते. हे लिहितानाही ती भीती आहेच. म्हणून यात सगळ्यांची नावं बदलली आहेत, माझंही. उठताना पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "दानियलशी बोललात?" त्यानंतर मी वर्षभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

परवा सेक्रेटरीचा फोन आला, कान तापले, आणि रविवारी उपासनेनंतर मी चाकणची बस धरली. दानियल आता कंपनीजवळ एका खोलीत एकटाच राहतो. नाशिक रस्त्यावर नव्या मोटारी वाहून नेणारे लांबच लांब ट्रेलर उभे होते. दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरा पडलेला माळ, मध्येच कारखान्यांच्या निळ्या भिंती. हातात काही नव्हतं. वाटेत मोसंब्यांची गाडी दिसली तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले होते. मी ते ओढून आणले.

दानियलनं दार उघडलं आणि तो गोंधळला. "ताई? इकडं कुणी आजारी आहे का?"

"नाही. तुमच्याकडेच आले."

त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले. चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. तोंड आलंय म्हणाली ते, फोटोचं, ओरडले ते, खोट्या तापाचं, स्मरणसभेत गप्प बसले ते. तो कपात बघत ऐकत होता.

"डब्याचं मला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "रविवार सोडून बऱ्याचदा संध्याकाळी मीच खायचो, आक्कांनी ठेवलेलं. चांगलं असायचं." मग कप खाली ठेवला. "फोटोचं लागलं होतं तिला. रडली त्या दिवशी. खोटं कशाला बोलू, ताई."

मी मान हलवली. हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"पण दुसऱ्या दिवशी अकरापासून परत दाराकडं तोंड करून बसली म्हणे. आक्का सांगायच्या. मी कामावरून आलो की मला रोज सांगायची, आज ताई आल्या, पाच मिनिटं होत्या, बोलल्या माझ्याशी. तुम्ही काय बोलायचात ते मला माहीत नाही. तिला ते रात्रीपर्यंत पुरायचं."

मी काय बोलायची ते मला माहीत होतं. झाकण घट्ट लावून ठेव.

माफी मागितली मी. "असू द्या, ताई," एवढंच तो दोनदा म्हणाला. ऊन कलायला लागलं तशी मी उठले. आमच्यात घरातून निघताना प्रार्थना करायची रीत आहे, आणि ती वडीलधाऱ्यांनी करायची. दानियलनं सवयीनं माझ्यापुढं डोकं वाकवलं आणि वाट पाहू लागला.

"आज तुम्ही करा," मी म्हणाले.

त्यानं दचकून पाहिलं. चारचौघांत त्यानं कधी प्रार्थना केलेली मला आठवत नाही. त्यानं हात जोडले, घसा साफ केला. बाहेरून एक ट्रेलर गेला, तो पूर्ण जाईपर्यंत थांबला.

"बापा, ताई आल्यात," तो म्हणाला. "लांबून आल्यात. त्यांना नीट घरी ने. आमेन."

आमेन, मी म्हणाले. आजवर माझ्यासाठी झालेल्या प्रार्थनांमधली ती सगळ्यांत छोटी होती, आणि तिच्यात माझ्या एकाही कामाचं नाव नव्हतं.